खिशांतील चाकू : निवड, निगा आणि शिस्त

मनुष्यानें आपल्या हातानें घडविलेल्या उपकरणांमध्यें धारेचें उपकरण हें अत्यंत पुरातन होय. सुमारें २५ लाख वर्षांपूर्वीं आफ्रिका खंडांत मानवाचे पूर्वज दगडावर दगड आपटून त्याच्या धारदार कपच्या काढीत व त्यांच्या साहाय्यानें मांस कापीत, असें उत्खननांत मिळालेल्या अवशेषांवरून दिसून येतें. त्या कपचीपासून आपल्या खिशांत मिटून राहणाऱ्या चाकूपर्यंतचा प्रवास फार लांबचा आहे. परंतु मूळ कल्पना मात्र तीच आहे. हाताला जें तोडतां येत नाहीं, तें पातळ व कठीण कडेनें तोडावें.

‘चाकू’ हा शब्द आपल्या भाषेंत फारशींतून आला. लेखनाच्या कलेशीं या वस्तूचा निकटचा संबंध आहे, हें आजच्या विद्यार्थ्यांना कदाचित् ठाऊक नसेल. बोरूनें लिहिण्याच्या काळीं बोरू तासणें, त्याचें टोंक तिरपें छाटणें आणि टोंकाला बारीकशी चीर देणें हीं कामें चाकूनेंच होत. इंग्रजींतही खिशांतील लहान चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात. कारण तिकडे पक्ष्याच्या पिसाची लेखणी याच चाकूनें तासली जात असे. म्हणजे चाकू हा मूळचा विद्यार्थ्याचा व लेखनिकाचा सोबती होय. पुढें त्याची संगत बिघडली व त्याचें नांव भांडणतंट्यांत अधिक ऐकूं येऊं लागलें, हा दोष त्याचा नव्हे.

प्रस्तुत लेखांत तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे : रोजच्या उपयोगाचा चाकू कसा निवडावा, त्याची धार व त्याचें आरोग्य कसें राखावें, आणि तो कोणाच्या हातीं व कोणत्या शिस्तीनें द्यावा. शेवटचा प्रश्न विशेषतः पालकांसाठीं आहे. परंतु विद्यार्थ्यांनीं तो वगळूं नये.

१. आकार आणि प्रकार

चाकू विकत घेण्यापूर्वीं आपल्याला त्याच्याकडून कोणतें काम करून घ्यावयाचें आहे, हें मनाशीं ठरवावें. पेन्सिल तासणें, सुतळी कापणें, पार्सलाची शिवण उसवणें, पेरू किंवा आंबा चिरणें, बागेंतील वाळलेली डहाळी छाटणें, सहलींत तंबूची दोरी तोडणें, हीं सर्वसाधारण माणसाचीं नित्याचीं कामें होत. यांपैकीं कोणत्याही कामाला अडीच ते तीन इंचांहून लांब पातें लागत नाहीं. लांब पातें खिशांत जड होतें, हातांत डळमळतें आणि पाहणाऱ्याच्या मनांत उगाच शंका उत्पन्न करतें. ज्याचें पातें लहान, त्याच्या हातांत त्याचें टोंक अधिक स्वाधीन राहतें.

मिटणाऱ्या चाकूचे मुख्यतः तीन प्रकार बाजारांत दिसतात. पहिला साध्या कमानीचा. याच्या मुठींत पाठीच्या बाजूस पोलादाची एक पट्टी असते. तिच्या ताणामुळें पातें उघडें किंवा मिटलेलें राहतें. पात्यावर नख घालण्यासाठीं एक लहानशी खांच असते. या प्रकारांत पातें कुलुपबंद होत नाहीं. म्हणून त्याच्या पाठीवर जोर पडला तर तें बोटांवर मिटूं शकतें. ही मर्यादा ओळखून काम केलें तर हाच प्रकार सर्वांत टिकाऊ व साधा आहे.

दुसरा प्रकार अडक असलेला. याचें उत्तम उदाहरण फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांताचा ओपिनेल चाकू. जोसेफ ओपिनेल यानें तो १८९० सालीं बनविला आणि १८९७ सालीं १ पासून १२ पर्यंत क्रमांकांचे लहानमोठे आकार ठरविले. लांकडी मूठ, एक पातें, एक खिळा आणि एक कडें, एवढाच त्याचा संसार. मुठीच्या तोंडाशीं फिरणारें हें कडें मात्र १९५५ सालीं जोडण्यांत आलें. तें फिरविलें कीं उघडलेलें पातें मिटत नाहीं. लहान मुलांसाठीं याच चाकूचा टोंक गोल केलेला प्रकारही मिळतो. पहिलाच चाकू घ्यावयाचा असेल तर गोल टोंकाची ही कल्पना पालकांनीं अवश्य ध्यानांत घ्यावी. कारण मुलांना होणाऱ्या खोल जखमा बहुधा टोंकानें होतात आणि टोंकाचें खरें काम मुलांना क्वचितच पडतें.

तिसरा प्रकार अनेक अवजारांचा. स्वित्झर्लंडमधील ईबाख या गांवीं कार्ल एल्झेनर नांवाच्या कारागिरानें १८८४ सालीं आपला कारखाना काढला. त्या वेळीं स्विस सैन्यासाठीं लागणारे चाकू जर्मनींतून येत. ते आपल्या देशांतच व्हावेत या हेतूनें त्यानें प्रयत्न केला व १८९१ सालीं सैन्याला पहिले चाकू पुरविले. त्यांत पातें, डबा उघडण्याचें हत्यार, पेंचकस आणि आर होती. पेंचकस कशाला, तर शिपायाला आपली बंदूक खोलतां यावी म्हणून. पुढें १८९७ सालीं त्यानें दोन पातीं व बुचें काढण्याचा मळसूत्री आंकडा असलेला हलका चाकू नोंदविला व तो जगभर पसरला. १९०९ सालीं आई निवर्तल्यावर तिचें ‘व्हिक्टोरिया’ हें नांव त्यानें आपल्या मालाला दिलें. अशा चाकूंपैकीं साधा घ्यावा. ज्यांत वीस-पंचवीस अवजारें असतात तो खिशांत विटेसारखा होतो व त्यांतील बहुतेक अवजारें वर्षानुवर्षें उघडलीही जात नाहींत.

कळ दाबतांच झटकन् उघडणारे चाकू, तसेंच चित्रपटांनीं गाजविलेले रामपुरी पद्धतीचे लांब चाकू, विद्यार्थ्यानें हातीं धरूं नयेत. त्यांची रचनाच भय दाखविण्यासाठीं झालेली असते. त्यांनीं ना फळ नीट चिरतां येत, ना पेन्सिल.

२. दुकानांत करावयाच्या परीक्षा

पाकिटावरील चित्रावर विश्वास न ठेवतां चाकू हातांत घेऊन पुढील परीक्षा कराव्यात.

पहिली : पातें उघडून त्याचें टोंक दोन बोटांत सपाट बाजूंनीं हळूच धरावें व डावीउजवीकडे हालवून पाहावें. बिजागरीच्या खिळ्यापाशीं तें खुळखुळत असेल तर चाकू परत करावा. हा ढिलेपणा पुढें वाढतच जातो.

दुसरी : चाकू मिटून तो पाठीच्या बाजूनें उजेडाकडे धरावा. पातें मुठीच्या मधोमध बसलें पाहिजे. एखाद्या बाजूस घासत असेल तर प्रत्येक वेळीं मिटतांना धार झिजेल.

तिसरी : उघडतांना व मिटतांना कमानीचा आवाज स्पष्ट यावा व पातें शेवटीं आपण होऊन जागेवर बसावें. अर्ध्यावर लोंबकळत राहणारें पातें धोक्याचें. परंतु नख मोडेल इतकी कमान ताठही नसावी. मुलाच्या हाताला तर नसावीच.

चौथी : मूठ चारही बोटांत बसते काय व ओल्या हातांतून निसटेल काय, हें पाहावें. चकचकीत धातूची मूठ दिसावयास सुंदर, पण पावसांत निसरडी. लांकूड, शिंग किंवा खरखरीत प्लॅस्टिक यांची पकड चांगली. लांकडाला मात्र एक खोड आहे. पावसाळ्याच्या दमट हवेंत, विशेषतः कोंकणपट्टींत, तें फुगतें आणि पातें अडकून बसतें. अशा वेळीं पक्कड लावून ओढूं नये. चाकू एक-दोन दिवस कोरड्या जागीं ठेवला म्हणजे तो आपोआप सैल होतो.

पांचवी : पात्याच्या धारेकडे समोरून, उजेडांत, एका रेषेंत पाहावें. धार सरळ व दोन्ही बाजूंनीं सारखी घासलेली असावी. जेथें प्रकाशाचा बारीक ठिपका चमकतो तेथें धार बोथट किंवा मोडलेली आहे असें समजावें. खऱ्या तीक्ष्ण धारेवरून प्रकाश परावृत्त होत नाहीं, कारण तेथें प्रकाश पडावयाला रुंदीच नसते.

३. पोलादाची गोष्ट

लोखंडांत थोडासा कार्बन मिसळला म्हणजे पोलाद होतें. चाकूच्या पोलादांत तो सुमारें अर्ध्या टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत असतो. एवढ्याशा अंशानें केवढा फरक पडतो! असें पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम पाण्यांत किंवा तेलांत बुडविलें म्हणजे तें अतिशय कठीण होतें. यालाच आपले लोहार ‘पाणी देणें’ म्हणतात. पण नुसत्या पाणी दिलेल्या पोलादाला कांचेप्रमाणें तडा जातो. म्हणून तें पुन्हां बेतानें तापवून थोडें मऊ करावें लागतें. घासलेल्या साध्या पोलादावर या वेळीं रंग चढत जातात : २३० अंश सेल्सियसच्या सुमारास फिकट पिंवळा, आणि ३०० अंशांच्या सुमारास निळा. कारागीर हे रंग पाहूनच पात्याचा कठीणपणा ठरवीत असत.

या माहितीचा उपयोग आपल्यालाही आहे. चाकू विजेच्या वेगवान चाकावर कोरडाच घासला आणि धारेवर निळा डाग उठला, तर तेथील पाणी उतरलें असें निश्चित समजावें. तो भाग पुन्हां कधीं धार धरणार नाहीं. तो घासून काढून टाकणें हाच उपाय. त्याचप्रमाणें चाकू शेगडीच्या ज्वाळेंत तापविणें, त्यानें निखारे हालविणें, या गोष्टींनीं वर्षांचा सोबती एका क्षणांत निरुपयोगी होतो.

हिंदुस्थानच्या पोलादाची कीर्ति प्राचीन काळापासून होती. दक्षिणेंत मुशींत वितळवून तयार होणारें ‘वूट्झ’ पोलाद दूरदूरच्या देशांत जात असे. विजेसंबंधींच्या शोधांमुळें अमर झालेल्या मायकेल फॅरडे यानें १८१९ सालीं या हिंदी पोलादाचें रासायनिक पृथक्करण करून पाहिलें आणि लंडनचा चाकूवाला जेम्स स्टोडार्ट याच्या सहकार्यानें पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. फॅरडे हा स्वतः एका लोहाराचा मुलगा होता, हें येथें स्मरणीय आहे.

साध्या पोलादाचा शत्रु गंज. तो जिंकण्याची युक्ति १९१३ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं हॅरी ब्रिअरली यास सांपडली. तो शोधीत होता बंदुकीच्या नळीसाठीं न झिजणारें पोलाद. परंतु सुमारें १३ टक्के क्रोमियम असलेल्या एका नमुन्यावर आम्लांचा नेहमीप्रमाणें परिणाम होत नाहीं, असें त्याला आढळलें. त्याच शहरांत चाकूसुऱ्यांचा मोठा धंदा असल्यानें या पोलादाचीं पातीं लवकरच होऊं लागलीं. क्रोमियमचा प्राणवायूशीं संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिशय पातळ थर बनतो व तो आंतल्या लोखंडाला कवचाप्रमाणें राखतो. ओरखडा पडला तरी हवेच्या योगानें तो थर पुन्हां भरून येतो.

मग कोणतें पोलाद घ्यावें? साध्या कार्बन पोलादाला दगडावर लवकर धार येते. परंतु कैरी, लिंबू, चिंच, कोकम अशा आंबट पदार्थांनीं तें काळवंडतें व ओलें राहिलें तर एका रात्रींत गंजतें. न गंजणाऱ्या पोलादाला धार लावण्यास थोडे अधिक कष्ट पडतात, पण तें निष्काळजीपणा कांहीं अंशीं सोसतें. समुद्रकांठीं राहणाऱ्यांनीं आणि नवशिक्यांनीं न गंजणारें पातें घ्यावें. ‘न गंजणारें’ हें नांव मात्र अक्षरशः खरें मानूं नये. खारट ओलावा बिजागरींत दिवसेंदिवस राहिला तर त्यालाही डाग पडतात.

४. धार लावण्याची विद्या

धार म्हणजे काय, हें पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला सहज समजेल. दाब म्हणजे जोर भागिलें क्षेत्रफळ. एक सेंटिमीटर लांबीची धार घ्या. ती झिजून १/१० मिलिमीटर जाड झाली असेल, तर तिचें क्षेत्रफळ १ चौरस मिलिमीटर होतें. तिच्यावर १ किलोग्रॅम वजनाचा जोर दिला तर दर चौरस मिलिमीटरला १ किलोग्रॅम दाब पडतो. तीच धार घासून १/१०० मिलिमीटर केली, तर तेवढ्याच जोरांत दाब दसपट होतो. म्हणूनच तीक्ष्ण चाकू हलक्या हातानें चालतो. बोथट चाकूवर आपण जोर देतों, जोर दिलेला हात अनावर होतो, आणि पातें निसटून बोटावर येतें. ‘मुलाला लागेल’ म्हणून त्याच्या हातीं बोथट चाकू देणारे पालक त्याचा धोका वाढवितात, कमी करीत नाहींत.

धार लावण्यासाठीं सपाट दगड लागतो. आपल्याकडे पूर्वापार कुरुंदाचा दगड व त्याच्या पुडीची सहाण वापरीत. इंग्रजींतील ‘कोरंडम’ हें नांव याच आपल्या देशी शब्दावरून गेलें आहे. कठीणपणाच्या मापनांत हिरा १० धरला तर कुरुंद ९ आहे. पोलाद त्याहून पुष्कळ मऊ, म्हणून तें त्यावर झिजतें. आज बाजारांत मिळणारा काळसर दुहेरी दगड बहुधा कार्बोरंडमचा असतो. हा कृत्रिम पदार्थ अमेरिकेंतील एडवर्ड ॲचिसन यानें शोधिला व १८९३ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. अशा दगडाची एक बाजू जाड कणांची व दुसरी बारीक कणांची असते. घरगुती कामाला एवढा एक दगड पुरे.

धार लावतांना सर्व मर्म कोनांत आहे. खिशांतील चाकूला प्रत्येक बाजूनें १५ ते २० अंशांचा कोन योग्य. तो कसा मोजावा? कागदाचा काटकोनी कोपरा घ्या. एकदां दुमडला कीं ४५ अंश, पुन्हां दुमडला कीं साडेबावीस अंश. त्याहून किंचित् कमी धरलें कीं झालें. दुसरी रीत त्रिकोणमितीची. पातें दगडावर ठेवून त्याची पाठ पात्याच्या रुंदीच्या एकतृतीयांश इतकी उचलावी. पातें १५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ ५ मिलिमीटर उचलावी. हा कोन साडेएकोणीस अंशांच्या जवळपास येतो. तेवढ्या उंचीची नाण्यांची चळत शेजारीं ठेवून प्रारंभीं डोळ्याला वळण लावावें.

आतां कृति. दगड ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे तो सरकत नाहीं. त्यावर पाणी घालावें. ज्या दगडाला एकदां तेल लावलें त्याला तेलच लावीत जावें. ठरविलेला कोन कायम ठेवून, जणू दगडाचा पातळ पापुद्रा कापावयाचा आहे अशा रीतीनें, पातें धारेच्या दिशेनें मुठीपासून टोंकापर्यंत ओढावें. जोर बेताचाच द्यावा. एका बाजूनें असे दहा-वीस हात दिल्यावर उलट बाजूच्या कडेला, धारेच्या आडव्या दिशेनें, बाहेरच्या बाजूस, बोट हलकेंच फिरवून पाहावें. तेथें बारीक खरखरीत कोर लागली, तर पोलाद धारेपर्यंत घासलें गेलें अशी ती खूण होय. ही कोर टोंकापर्यंत सर्वत्र आली म्हणजे मगच दुसरी बाजू घ्यावी. दोन्ही बाजू झाल्यावर दगडाच्या बारीक बाजूवर हेंच काम अधिक हलक्या हातानें करावें आणि शेवटीं एक हात इकडे, एक हात तिकडे असे दहा-पंधरा हात द्यावेत. अखेरीस जुन्या कातडी पट्ट्याच्या आंतल्या अंगावर पातें पाठीच्या दिशेनें, म्हणजे धार मागें ठेवून, ओढावें. न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवीत असे तें याच कारणानें. उरलेली कोर त्यानें गळून पडते.

धारेची परीक्षा बोटावर करूं नये. वर्तमानपत्राचा एक कागद एका हातांत लोंबता धरून चाकूनें वरून खालीं कापावा. कागद न फाटतां सरळ कापला गेला तर धार उत्तम. पिकलेल्या टोमॅटोची साल जोर न देतां चिरली गेली, तरी तीच साक्ष.

ज्यांना हें जमत नसेल त्यांनीं धार लावणाऱ्या कारागिराकडे जावें. ‘शिकलगार’ हें त्यांचें नांव अरबी-फारशींतील ‘घासूनपुसून उजळणारा’ या अर्थाच्या शब्दापासून आलें आहे. सायकलवरचें चाक पायानें फिरवून गल्लोगल्लीं धार लावणारे कारागीर अजून कोठें कोठें दिसतात. त्यांना चाक हळू फिरवून व पातें वरचेवर पाण्यांत बुडवून धार लावावयास सांगावें, आणि त्यांचे पैसे घासाघीस न करतां द्यावेत.

५. रोजची निगा

चाकूची निगा फार वेळ मागत नाहीं. वापर झाल्यावर पातें पुसावें. फळ कापलें असेल तर धुऊन, पूर्ण कोरडें करून मगच मिटावें. मुठीच्या आंत खिशांतील कापसाचे धागे, धूळ व फळाचा रस सांचतो. महिन्यांतून एकदां कोमट साबणाच्या पाण्यानें चाकू धुवावा, बारीक काडीनें मुठीची फट साफ करावी, फडक्यानें पुसून वाऱ्यावर वाळवावा, आणि बिजागरींत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडून पातें चार-सहा वेळां उघडावें-मिटावें. जास्त झालेलें तेल पुसून घ्यावें. ज्या पात्यानें खाण्याचे जिन्नस कापतों त्याला औषधी दुकानांत मिळणारें द्रवरूप पॅराफिन लावणें अधिक चांगलें. खोबरेल किंवा गोडेंतेल वापरूं नये. तें कालांतरानें चिकट होतें व धूळ धरून ठेवतें. जवसाचें तेल तर वाळून बिजागरीच बसवून टाकतें. पावसाळ्यांत साध्या पोलादाचा चाकू कातडी म्यानांत घालून ठेवूं नये. कातडें ओल धरतें.

तीन कामें चाकूला कधींही सांगूं नयेत. त्यानें पत्र्याच्या डब्याचें झांकण उचकटूं नये, खिळा उपटूं नये, आणि फरशीवर किंवा कांचेच्या ताटलींत धरून कांहीं कापूं नये. पातें कापण्यासाठीं आहे. उचकटतांना टोंक मोडतें, आणि दगड-कांचेवर धार एका फटक्यासरशी दुमडते. खालीं लांकडाची फळी असावी.

६. शिस्त

चाकू वापरणाऱ्यानें बसून काम करावें व हात लांब करून आपल्याभोंवतीं एक वर्तुळ कल्पावें. त्या वर्तुळांत दुसरें कोणी असेल तर चाकू उघडूं नये. बालवीरांच्या शिबिरांत हा नियम पहिल्या दिवशीं शिकवितात. धार अंगापासून दूर जाईल अशा रीतीनें कापावें. उघडा चाकू घेऊन चालूं नये. दुसऱ्याला देतांना मिटून द्यावा. मिटत नसेल तर मूठ त्याच्याकडे करून द्यावा व त्यानें ‘घेतला’ असें म्हटल्यावरच सोडावा. हातांतून सुटलेला चाकू झेलूं नये. पाय मागें घ्यावा व त्याला पडूं द्यावें. मिटतांना बोटें पात्याच्या वाटेंत नाहींत, हें प्रत्येक वेळीं पाहावें.

एवढें करूनही बोट कापलें तर घाबरूं नये. जखम स्वच्छ वाहत्या पाण्यानें धुवावी, स्वच्छ फडक्यानें दहा मिनिटें सलग दाबून धरावी व हात उंच ठेवावा. हळद, चुना, कॉफीची पूड किंवा तंबाखू तींत भरूं नये. जखम खोल असेल, तिचे ओठ मिटत नसतील, बोट बधिर झालें असेल किंवा वांकत नसेल, तर विलंब न लावतां वैद्यकीय मदत घ्यावी. धनुर्वाताची लस पूर्वीं केव्हां टोंचली होती, हें डॉक्टरांना सांगावें. आणि घरीं रागावतील या भीतीनें जखम लपवूं नये. आईबापांनींही ती भीति मुलांना वाटूं देऊं नये.

कायद्याचाही विचार केला पाहिजे. १९५९ च्या शस्त्रविषयक कायद्याखालील नियमांत, पातें ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलेले चाकू शस्त्रांत गणलेले आहेत. घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामांसाठीं बनविलेले तेवढे त्यांतून वगळले आहेत. परंतु यावरून लहान चाकू वाटेल तेथें न्यावा असें होत नाहीं. विमानांत तो आपल्याजवळ बाळगतां येत नाहीं. जेथें जेथें प्रवेशापूर्वीं झडती होते तेथें तो घरींच ठेवावा. शाळेंत तर शिक्षकांच्या स्पष्ट अनुज्ञेवांचून चाकू आणूंच नये. पेन्सिल तासण्याचें यंत्र अल्प किंमतींत मिळतें. वर्गांत चाकूचें कांहीं काम नाहीं. शेंकडों मुलें जेथें खेळतात, धांवतात व क्षुल्लक कारणावरून भांडतात, तेथें मिटलेलाही चाकू नसणें हेंच बरें.

७. पालकांस विनंति

मुलाला चाकू केव्हां द्यावा, याचें उत्तर वयांत शोधूं नये. दहा वर्षांचा एखादा मुलगा शेतावर वडिलांच्या नजरेखालीं विळा नीट चालवितो, आणि सोळा वर्षांच्या एखाद्याच्या हातीं कातरही देववत नाहीं. दोन गोष्टी पाहाव्यात. सांगितलेली वस्तु काम झाल्यावर तो जागेवर ठेवतो काय? आणि राग आला असतां त्याचे हात स्वाधीन राहतात काय? पहिलीचें उत्तर ‘नाहीं’ असेल तर थोडें थांबावें. दुसरीचें उत्तर ‘नाहीं’ असेल तर मुळींच देऊं नये. रागाच्या भरांत मारलेली थप्पड दुसऱ्या दिवशीं विसरतां येते. परंतु त्याच क्षणीं खिशांत चाकू असला, तर दोन घरें कायमचीं उध्वस्त होतात. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतों. त्यांतील मुलें जन्मतः दुष्ट नसतात; राग आणि चाकू हीं एका वेळीं त्यांच्याजवळ होतीं, एवढेंच. जो मुलगा ‘मला आपल्या रक्षणासाठीं चाकू हवा’ असें म्हणतो, त्याला चाकू न देतां त्याला कोणाची भीति वाटते हें शांतपणें विचारावें. त्याची अडचण चाकूनें सुटणारी नसते.

मुलींना चाकू देऊं नये असेंही कोणी समजूं नये. स्वयंपाकघरांतील विळी त्या लहानपणापासून हाताळतात. मग शिबिरांत दोरी कापण्याचें किंवा आंब्याचें कलम बांधण्याचें कौशल्य त्यांना कां शिकवूं नये? हातांची शिस्त दोघांनाही सारखीच लागते.

द्यावयाचा ठरल्यास चाकू नुसता देऊं नये. त्याबरोबर एक धार लावण्याचा दगड द्यावा आणि सुट्टीच्या एका दुपारीं शेजारीं बसून धार लावावयास शिकवावें. जी वस्तु आपण स्वतः घासूनपुसून नीट ठेवली, तिचा दुरुपयोग करावयास मन सहसा धजत नाहीं. पहिले कांहीं महिने चाकू वडीलमाणसांच्या कपाटांत राहावा व काम सांगून मागितला जावा. असा चाकू बापाकडून मुलाकडे, व मुलाकडून त्याच्या मुलाकडे जाऊं शकतो. धार लावून लावून पातें अरुंद होतें, पण कामाला उणें पडत नाहीं.

विद्यार्थी मित्रांनो, चांगला चाकू बहुतेक वेळ मिटलेला असतो, आणि उघडला म्हणजे आपलें काम करून पुन्हां मिटतो. तो तुमच्या हातीं आला, तर वडिलांनीं तुमच्यावर विश्वास ठेवला असें समजा व तो विश्वास पात्याप्रमाणेंच निर्मळ ठेवा.